गणितमहर्षी भास्कराचार्य आणि गोलपृष्ठाचे गणित

खान्देशची भूमी कापूस, केळी आणि सोन्याच्या बाजारपेठेसाठी सर्वदूर ओळखली जाते. परंतु याच भूमीशी भारतीय गणितशास्त्रातील एका अत्युच्च शिखराचे नाते जडलेले आहे, याची जाणीव नव्या पिढीला क्वचितच असते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या नैऋत्येस सुमारे अठरा किलोमीटर अंतरावर, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत पाटण हे प्राचीन गाव वसलेले आहे. चंडिकादेवीच्या स्थानामुळे जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील भाविक त्यास पाटणादेवी म्हणून ओळखतात. याच डोंगरात नागार्जुनाची कोठडी या नावाने प्रसिद्ध असलेली जैन गुंफा असून तीत तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. आणि याच पाटणमध्ये, आठशेहून अधिक वर्षांपूर्वी, एका गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्वतंत्र मठ स्थापन झाला होता. तो गणितज्ञ म्हणजे सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचे कार्य विशाल आहे. अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित आणि गोल या चारही क्षेत्रांत त्यांनी आपली मुद्रा उमटविली. त्या सर्वांचा परामर्श येथे शक्य नाही. परंतु गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ कसे काढावे, या एकाच प्रश्नाकडे पाहिले तरी त्यांच्या बुद्धीची जात आणि वृत्तीची उंची दोन्ही ध्यानात येतात.

जन्म, कुल आणि विद्या

भास्कराचार्यांनी आपल्या जन्माचा शक स्वतःच नोंदवून ठेवला आहे, ही इतिहासकारांच्या दृष्टीने मोठीच उपलब्धी होय. शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. त्यांचे गोत्र शांडिल्य. पिता महेश्वर हे स्वतः विद्वान ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. आपले गाव सह्य पर्वताच्या सान्निध्यातील विज्जलविड हे असल्याचे त्यांनी लिहिले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद झाले. कोणी ते कर्नाटकात दाखविले, कोणी मराठवाड्यात. मात्र त्यांच्या घराण्याविषयीचे सर्वांत भक्कम पुरावे खान्देशातच, चाळीसगाव परिसरात मिळाले आहेत.

या पुराव्यांतील पहिला म्हणजे पाटण येथील देवीच्या मंदिरातील शिलालेख. मुंबईचे नामवंत वैद्य आणि प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. या लेखात घराण्याची वंशावळच कोरलेली आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळविणारा भास्करभट्ट, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग भास्कराचार्य, असा तो विद्येचा प्रवाह आहे. भास्कराचार्य केवळ गणिती नव्हते, तर सांख्य, वैशेषिक, मीमांसा आणि काव्य यांतही त्यांची गती होती, असे त्यात वर्णन आहे.

दुसरा पुरावा चाळीसगाव तालुक्यातीलच गिरणाकाठच्या बहाळ येथील, शके ११४४ म्हणजे इसवी सन १२२२ मधील शिलालेखाचा. भास्कराचार्यांचा बंधू श्रीपती, त्याचा पुत्र गणपती आणि नातू अनंतदेव. हा अनंतदेव यादवराजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी होता आणि त्याने बहाळला देवीचे मंदिर उभारले. एकाच तालुक्यातील दोन गावांत एकाच घराण्याचे दोन शिलालेख मिळावेत, यावरून या कुटुंबाची मुळे या मातीत किती खोल गेली होती याची कल्पना येते.

ग्रंथसंपदा

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला महाग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणिताध्याय आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. त्यावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली. येथे वासना या शब्दाचा अर्थ उपपत्ती, म्हणजे नियमामागील कारण, असा आहे. नियम सांगून थांबायचे नाही, तो का खरा आहे हेही दाखवायचे, हा त्यांचा आग्रह या नावातूनच प्रकट होतो. पुढे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, शके ११०५ म्हणजे इसवी सन ११८३ मध्ये, त्यांनी पंचांगकर्त्यांना उपयुक्त असा करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पहिल्या महाग्रंथानंतर तेहतीस वर्षांनीही त्यांची लेखणी थकलेली नव्हती.

लीलावती हा ग्रंथ तर व्यवहाराचे दर्पणच आहे. त्यात व्याज आहे, सोन्याचा कस आहे, खोदकाम, विटांची रचना, लाकूडकापणी आणि धान्याच्या राशी मोजण्याचे नियम आहेत. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे चुकला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, अशी हृद्य आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती आढळते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. स्वतः भास्कराचार्यांनी मात्र असे काही लिहिलेले नाही.

गोलाच्या पृष्ठाचा प्रश्न

चौकोनी जमिनीचे क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकाराने मिळते. वर्तुळाचेही मिळते, कारण वर्तुळ कागदावर सपाट पसरलेले असते. परंतु चेंडूचे काय? चेंडूची साल कशीही कापली तरी ती सपाट बसत नाही. कोठेतरी सुरकुती पडते वा कोठेतरी फाटते. म्हणूनच गोलाच्या पृष्ठाचे माप हा प्राचीन काळापासून बुद्धिमंतांना आव्हान देणारा प्रश्न ठरला. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याचे उत्तर दिले होते. भारतातही अनेक आचार्य या वाटेवर चालले.

या वाटचालीत जैन आचार्यांचा वाटा अभिमानास्पद आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यास, दिगंबर जैन गणिती महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ रचला. कासवाच्या पाठीसारखे उंचावलेले किंवा कुंडासारखे खोलगट असे वक्र पृष्ठ कसे मोजावे, याचा व्यवहारी नियम त्यांनी दिला : परिघाचा चतुर्थांश घेऊन त्यास विष्कंभाने गुणावे. गोलाच्या घनफळासाठीही त्यांनी एक स्थूल आणि एक सूक्ष्म असे दोन नियम सांगितले. त्रिज्येच्या घनाची साडेचार पट हे स्थूल आणि त्याचा नऊ-दशांश हे सूक्ष्म. आजच्या हिशेबाने पहिले उत्तर सुमारे सात टक्के अधिक, तर दुसरे सुमारे तीन टक्के कमी येते. स्थूल आणि सूक्ष्म असा विवेक ठेवून एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देण्यामागील प्रामाणिकपणा लक्षणीय आहे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हा ग्रंथ १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध करून मोठेच कार्य केले.

भास्कराचार्यांच्या आधी, आठव्या शतकाच्या सुमारास, लल्ल या विख्यात ज्योतिषाचार्याने पृथ्वीच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ सांगितले होते. त्यासाठी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे, असा नियम वापरला गेला आणि उत्तर आले २,८५,६३,३८,५५७ योजने. लल्लाचा अधिकार मोठा होता. भास्कराचार्यांनी स्वतः त्याच्या ग्रंथावर टीका लिहिली होती, त्याच्याकडून पुष्कळ घेतले होते. परंतु येथे मात्र त्यांनी स्पष्ट विरोध नोंदविला.

कापडाची कसोटी

या विरोधासाठी त्यांनी जी युक्ती योजिली, ती आजही शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला करून पाहता येईल. चेंडूच्या परिघाचे माप घ्यावे. त्याच्या निम्म्या लांबीचा व्यास धरून कापडाचा एक गोल तुकडा कापावा. हा तुकडा चेंडूच्या माथ्यावर मधोमध ठेवून चहूबाजूंनी खाली ओढला, तर त्याची कड चेंडूच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचते आणि अर्धा चेंडू पूर्ण झाकला जातो. एवढेच नव्हे, तर कापडाला चुण्या पडतात. म्हणजे थोडे कापड शिल्लकच राहते.

आता या कापडाचे क्षेत्रफळ किती? चेंडू मधोमध कापला असता जे वर्तुळ दिसते, त्याच्या क्षेत्रफळाच्या ते अडीच पटीहूनही किंचित कमी भरते. अर्धा चेंडू झाकण्यास अडीच पट पुरून उरते, तर संपूर्ण चेंडू झाकण्यास पाच पट पुरून उरलेच पाहिजे. अर्थात गोलाचे पृष्ठ हे मधल्या वर्तुळाच्या पाच पटीहून कमीच असणार. असे असता त्या वर्तुळाला हजारो योजनांच्या परिघाने गुणून आलेले उत्तर खरे कसे मानावे? एका कापडाच्या तुकड्याने त्यांनी शतकानुशतके मान पावलेल्या आकड्याची परीक्षा केली. यात लल्लाचा अवमान नव्हता. प्रत्यक्ष प्रमाणाचा सन्मान होता.

आवळ्याच्या रेषा

चुकीचे खंडन करणे सोपे, बरोबर काय ते सिद्ध करणे कठीण. भास्कराचार्यांनी हे दुसरे कार्यही केले. लीलावतीत त्यांनी नियम दिला तो असा : परीघ आणि व्यास यांच्या गुणाकाराचा चतुर्थांश म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ, त्याची चौपट म्हणजे चेंडूवर घट्ट बसविलेल्या जाळ्यासारखे गोलाचे पृष्ठफळ, आणि त्या पृष्ठफळास व्यासाने गुणून सहाने भागले असता गोलाचे घनफळ. तीन नियमांची ही साखळी इतकी नेटकी आहे की एकदा ऐकली की विसरत नाही. सात एकक व्यासाच्या गोलाचे उदाहरणही त्यांनी दिले. सूक्ष्म गणिताने त्याचा परीघ सुमारे २१.९९, पृष्ठफळ सुमारे १५३.९४ आणि घनफळ सुमारे १७९.५९ येते. त्यांनी ही उत्तरे अपूर्णांकांत दिली असून ती आजच्या उत्तरांशी तंतोतंत जुळतात.

या नियमाची उपपत्ती त्यांनी वासनाभाष्यात दोन प्रकारे मांडली. पहिल्या प्रकारात गोलाच्या माथ्यापासून मध्यापर्यंत एकाखाली एक अशी वर्तुळे काढून पृष्ठाचे बांगड्यांसारखे पट्टे केले जातात आणि त्यांची क्षेत्रफळे मिळविली जातात. दुसरा प्रकार अधिकच मनोहर आहे. आवळ्याच्या पृष्ठावर देठापासून तळापर्यंत जशा निसर्गतःच रेषा असतात, तशा रेषा गोलावर काढाव्यात. ९६ एकक परिघाचा गोल घेतला, तर अशा ९६ फाका होतात. प्रत्येक फाक मध्यभागी एक एकक रुंद आणि दोन्ही टोकांकडे निमुळती. अर्ध्या फाकेची लांबी २४ एकक. तिचे २४ लहान तुकडे पाडावेत. हे तुकडे इतके लहान की त्यांना सपाट मानले तरी बाधा येत नाही. ज्योतिषात वापरल्या जाणाऱ्या २४ ज्यांच्या साहाय्याने प्रत्येक तुकड्याची रुंदी मिळते. सर्वांची बेरीज केली असता एका पूर्ण फाकेचे क्षेत्रफळ ३० पूर्णांक ३३ साठांश येते.

आणि येथेच सौंदर्य आहे. ९६ परीघ असलेल्या गोलाचा व्यासही ३० पूर्णांक ३३ साठांशच असतो. म्हणजे एका फाकेचे क्षेत्रफळ व्यासाइतके, फाका परिघाइतक्या, म्हणून सर्व पृष्ठाचे क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास. वक्र वस्तूचे सूक्ष्म तुकडे पाडून त्यांची बेरीज करण्याची ही दृष्टी पुढे केरळच्या गणितपरंपरेत अधिक विकसित झाली आणि सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषा या ग्रंथात गोलपृष्ठाची सविस्तर उपपत्ती आली. युरोपात सतराव्या शतकात जे कलनशास्त्र उदयास आले, त्याच्या मुळाशीही हीच तुकड्यांच्या बेरजेची कल्पना आहे.

या नियमाने भास्कराचार्यांनी पृथ्वीचे गणित नव्याने मांडले. पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने, व्यास १५८१ पूर्णांक एक चोविसांश योजने. त्यांचा गुणाकार ७८,५३,०३४. हेच त्यांच्या मते भूपृष्ठाचे क्षेत्रफळ. लल्लाच्या अब्जावधींच्या आकड्यापुढे हा आकडा लहान दिसतो, परंतु नियमाच्या दृष्टीने तोच खरा.

व्यवहारातील उपयोग

गोलपृष्ठाचे गणित केवळ पृथ्वी मोजण्यासाठी नाही. मंदिराच्या अर्धगोल घुमटाला आतून रंग द्यावयाचा आहे असे समजू. घुमटाचा व्यास १४ फूट, परीघ सुमारे ४४ फूट. दोहोंचा गुणाकार ६१६. हे पूर्ण गोलाचे पृष्ठ. घुमट अर्धा, म्हणून ३०८ चौरस फूट. घुमटाखालील जमिनीचे क्षेत्रफळ मात्र केवळ १५४ चौरस फूट. जो कारागीर जमिनीच्या मापावरून रंगाचा अंदाज करील, त्याचा रंग बरोबर निम्म्यावर संपेल. शिखरावरील कलशाच्या गोल भागावर सोन्याचा मुलामा द्यावयाचा असेल, तर रंगाच्या जागी सोने येते आणि चुकीची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

जळगावच्या सुवर्णपेठेतील कारागिरांना या नियमाचे मर्म हातानेच ठाऊक असते. पोकळ सोन्याच्या मण्याचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर सोने दुप्पट नव्हे, चौपट लागते. उलट, एक भरीव गोळी वितळवून निम्म्या व्यासाच्या आठ गोळ्या केल्या, तर सोने तेवढेच राहते, पण एकूण पृष्ठ दुप्पट होते आणि झिलईचे कामही दुप्पट वाढते. दिलेल्या घनफळासाठी सर्वांत कमी पृष्ठ गोलाचेच असते, म्हणून दवबिंदू गोल होतो आणि दाबाखालील वायू साठविण्यासाठी कारखान्यांत गोलाकार टाक्या बांधतात. कमी पत्र्यात अधिक साठा आणि सर्व बाजूंनी समान ताण, असा दुहेरी लाभ त्यात असतो.

घुमटाचे गणित मांडण्यातही जैन विद्वान मागे नव्हते. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या टांकसाळीत अधिकारपदावर असलेल्या ठक्कर फेरू या जैन श्रावकाने गणितसारकौमुदी हा ग्रंथ लिहिला आणि त्यात घुमट, मिनार यांसारख्या नव्या पद्धतीच्या बांधकामांचे माप कसे घ्यावे हे सांगितले. शास्त्र ग्रंथातून गवंड्याच्या हातापर्यंत पोहोचविण्याचे हे कार्य होय.

मतभेद आणि आदर

जैन समाजाने भास्कराचार्यांचे चरित्र वाचताना एक गोष्ट मोकळ्या मनाने जाणून घेणे उचित ठरेल. गोलाध्यायात त्यांनी जैन आगमपरंपरेतील दोन सूर्य आणि दोन चंद्र या कल्पनेचे खंडन केले आहे. ध्रुवाजवळील तारकासमूह एका अहोरात्रात एक पूर्ण फेरी करतो, हे डोळ्यांना दिसते. मग दोन सूर्य मानण्याचे कारण उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांची भाषा येथे काहीशी तिखटही आहे. परंतु लल्लाच्या चुकीविषयी जी कसोटी त्यांनी लावली, तीच येथेही लावली. आपला आणि परका असा भेद त्यांनी केला नाही.

याला जैन विद्वानांनी दिलेले उत्तर अधिक बोलके आहे. त्यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ बाजूस सारले नाहीत. अंचल गच्छातील सुमतिहर्ष गणी या जैन मुनींनी इसवी सन १६२१ मध्ये करणकुतूहलावर गणककुमुदकौमुदी नावाची टीका लिहिली. ज्याने आपल्या परंपरेतील एका मताचे खंडन केले, त्याच्याच ग्रंथाचा अर्थ उलगडण्यासाठी एका जैन साधूने आपली बुद्धी खर्च केली. अनेकांत हा शब्द उच्चारणे सोपे आहे. तो आचरणात कसा दिसतो, याचे हे उदाहरण होय. सत्याचा एखादा अंश प्रतिपक्षाकडेही असू शकतो, हे मान्य करणाऱ्यालाच अशी टीका लिहिता येते.

पाटणचा मठ

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही मोठे पंडित होते. यादवराजा जैत्रपाल याने त्यांना पाटणहून बोलावून आपल्या दरबारात मानाचे स्थान दिले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघणराजाचे ज्योतिषी झाले. राजदरबारी असूनही चांगदेवांना आजोबांच्या ग्रंथांची चिंता होती. ग्रंथ लिहिला गेला म्हणजे तो टिकतोच असे नाही. तो शिकविला गेला तरच टिकतो. म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातील इतर ग्रंथ तेथे शिकविले जावेत, हा त्याचा हेतू.

या मठास त्या प्रदेशाचा अधिपती निकुंभवंशीय सोइदेव याने शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०७ मध्ये, श्रावणातील चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिले. पुढे त्याचा बंधू हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली. शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे, आणि मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. राजाचा वाटा तर त्यात आहेच; पण बाजारातील उत्पन्नाचा हिस्सा आणि प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल, असा सामान्य व्यवसायांचाही वाटा आहे. कारण सरळ आहे : दानाची अट तेली, वाणी आणि शेतकरी यांना समजली पाहिजे. गोलाध्यायाचे पाठ देणाऱ्या मठातील दिवे गावातल्या घाण्याच्या तेलावर तेवत होते, ही कल्पनाच अंतःकरणाला स्पर्श करून जाते.

काळाच्या ओघात तो मठ नाहीसा झाला. पाटणचे वैभव ओसरले, भोवती अरण्य वाढले आणि आज तो परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. परंतु ग्रंथ मात्र उरले. टीकाकारांनी आणि लेखनिकांनी त्यांच्या प्रती केल्या, ग्रंथभांडारांनी त्या जतन केल्या. फैजीनंतर १६३४ मध्ये अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे फारसीत भाषांतर केले. १८१६ मध्ये जॉन टेलर यांनी मुंबईत लीलावतीचे आणि १८१७ मध्ये कोलब्रूक यांनी लंडनमध्ये लीलावती व बीजगणित यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. स्वतंत्र भारताने ७ जून १९७९ रोजी आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले. या उपग्रहांचे कार्य होते पृथ्वीच्या पृष्ठाचे निरीक्षण. ज्याने कापड आणि आवळा हाती घेऊन पृथ्वीचे पृष्ठ मोजण्याची रीत शिकविली, त्याच्या नावाचा उपग्रह त्याच पृष्ठावरून फिरला, हा योग मोठा समर्पक होता.

उपसंहार

भास्कराचार्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्वसूरींविषयी आदर बाळगावा, पण त्यांचा शब्द तपासून घ्यावा. नियम सांगावा, तर त्यामागील कारणही सांगावे. अवघड गोष्ट समजावताना कापड, चेंडू, आवळा अशा घरातल्या वस्तूंचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. आणि चांगदेवांप्रमाणे, पूर्वजांची विद्या केवळ मखरात न ठेवता ती पुढच्या पिढीच्या हाती देण्याची व्यवस्था करावी. त्या व्यवस्थेत राजापासून तेल्यापर्यंत प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे वाटा उचलावा.

पाटणादेवीच्या दर्शनास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मुलांना एवढे अवश्य सांगावे की या डोंगराच्या पायथ्याशी एकेकाळी गोलाचे गणित शिकविले जात होते. घरी परतल्यावर एक चेंडू आणि कापडाचा एक तुकडा घेऊन ती कसोटी मुलांकडून करवून घ्यावी. कापडाला पडलेल्या चुण्या पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटेल, तीच या महर्षीला खरी आदरांजली ठरेल. खान्देशच्या या थोर सुपुत्राच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!